तपोवनाचा आराखडा करताना दव्यांचे इच्छापत्र वाचा

मा. कुंभमेळा मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
सविनय नमस्कार.

नाशिकच्या सिंहस्थ कुंभमेळ्याच्या तयारीत आपल्याला उसंत नसणार. 31 ऑक्टोबर 2026 ला ध्वजारोहण, 2 ऑगस्ट 2027 ला पहिले अमृतस्नान. तरीही थोडा वेळ काढून एक छोटा कागद वाचावा, अशी विनंती आहे. अनिल माधव दवे यांनी 23 जुलै 2012 रोजी लिहून ठेवलेले इच्छापत्र.

दवे जुलै 2016 मध्ये केंद्रात पर्यावरण खात्याचे मंत्री झाले, पण त्याच्या कितीतरी आधीपासून ते नर्मदेचे होते. तिचा 1,312 किलोमीटरचा प्रवाह त्यांनी राफ्टमधून पार केला, छोट्या विमानातून तिची परिक्रमा केली. 'नर्मदा समग्र' ही संस्था काढली. नर्मदा-तवा संगमावर बांद्राभानला नदी महोत्सव भरवला. काठच्या आदिवासी वस्त्यांसाठी नदीतून चालणारी रुग्णवाहिका सुरू केली, आणि मला त्यांचे हे काम सगळ्यांत मोठे वाटते. मंत्रिपद वर्षभरही लाभले नाही. तो काळ निर्विवादही नव्हता: जनुकीय बदल केलेल्या मोहरीची शिफारस त्यांच्याच मंत्रालयाच्या समितीने 11 मे 2017 ला केली. ती मला पटली नव्हती. पुढच्या आठवड्यात, 18 मे रोजी, दवे गेले.

मग ते इच्छापत्र लोकांपुढे आले. स्मारक नको, पुतळा नको, नावाचा पुरस्कार नको, स्पर्धा नको. आठवण ठेवायचीच तर झाडे लावा आणि जगवा, नद्या-तलाव राखा, पण तेही माझे नाव न लावता. अंत्यसंस्कार त्यांच्या इच्छेप्रमाणे बांद्राभानलाच झाले.

हा माणूस कुंभाला परका नव्हता. उज्जैनच्या 2016 च्या सिंहस्थात निनोरा इथे झालेल्या वैचारिक महाकुंभात त्यांचा पुढाकार होता.

आपल्याकडे मात्र नोव्हेंबर 2025 मध्ये साधुग्रामासाठी, म्हणजे साधूंच्या मुक्कामाच्या तंबूवस्तीसाठी, नाशिकच्या तपोवनातली झाडे तोडण्याचा प्रस्ताव आला. नाशिककरांनी शेकडो हरकती नोंदवल्या, झाडांना मिठ्या मारल्या. बदल्यात हजारो झाडे लावू, असे सांगितले गेले. साधुग्राम आम्हालाही हवेच आहे. आलेल्या साधूंची सोय करणे ही या गावाची जुनी रीत आहे. पण तंबू झाडे राखूनही उभारता येतात, आणि मेळा उठल्यावर ते निघतात. तोडलेले झाड पुढच्या सिंहस्थापर्यंतही तेवढे होत नाही.

गोदावरीला आम्ही गंगा म्हणतो. त्याच गंगेत नासर्डी या उपनदीचे सांडपाणी येते, उन्हाळ्यात पाणवेली पसरतात, आणि पात्रात ओतलेल्या काँक्रीटने जुन्या कुंडांचे झरे कोंडले आहेत. भाविक बुडी मारणार ती याच नदीत.

म्हणून मागणे एवढेच. तपोवनातली उभी झाडे जागेवर ठेवून साधुग्रामाचा आराखडा नव्याने आखावा. किती रोपे लावली यापेक्षा तीन पावसाळे काढून किती जगली, याची यादी प्रभागवार जाहीर करावी. नासर्डीचे सांडपाणी पहिल्या अमृतस्नानाआधी अडवावे, आणि अडवल्यावर पाण्याच्या तपासणीचे आकडे रामकुंडावर रोज लावावेत. या कामांवर कोणत्याही नेत्याच्या नावाची पाटी नसावी, आपल्याही नाही.

आपला,
गोदाकाठचा एक रहिवासी, पंचवटी, नाशिक