‘यात माणूस कुठे बसतो?’ असं विचारणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुम्हाला एकटीलाही पाठवता आलं असतं. पण फोनवर आभार मानायला लागलो की तुम्ही विषय बदलता, प्रायमर (रंगाआधीचा थर) वाळला का ते विचारता आणि माझं सांगायचं राहून जातं. शिवाय तुम्ही मला जे दिलंत, ते सायन्स फिक्शनची प्लॅस्टिक मॉडेल्स करणाऱ्या इतरांच्याही उपयोगाचं आहे. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय.

माझा तुम्हाला पहिला प्रश्न होता तो एका तळव्याचा. १/७२ स्केलचं, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं मालवाहू यान, तीन पायांवर उभं राहणारं, आणि खोक्यात तळवे निघाले दोनच. तिसरा कुठून मिळवायचा, एवढंच मला विचारायचं होतं. तुम्ही म्हणालात, “ते बघू. आधी सांग, यात माणूस कुठे बसतो? आणि तो केवढा आहे?”

१.८ मीटर उंचीचा माणूस १/७२ मध्ये २५ मिलिमीटरचा होतो. तेवढा माणूस तुम्ही मला जाड कागदातून कापायला लावलात आणि यानाशेजारी उभा करायला सांगितलंत. मग सुरू झाली प्रश्नांची सरबत्ती. तळवा त्याच्या घोट्याइतका उंच की गुडघ्याइतका? यान उतरतं ते खडकावर की वाळूत? वाळूत असेल, तर रुतू नये म्हणून तळवा किती पसरट हवा? जमीन उतरती असेल तर तळवा वळणार कसा, सांधा कुठे आहे? उत्तरं देता देता कागदावर तळव्याचं चित्र तयार झालं. खोक्यातले दोन तळवे त्यापुढे अगदीच किरकोळ दिसायला लागले, आणि तिन्ही नव्याने करायचं ठरलं.

पाठोपाठ तुमचं पार्सल आलं. रणगाड्याची चाकं, हेलिकॉप्टरच्या रोटरचा मधला भाग, युद्धनौकेवरचे तोफांचे बुरूज. सगळं छोट्या छोट्या पिशव्यांत, आणि प्रत्येक पिशवीवर पेन्सिलीने लिहिलेलं: ‘सांधा’, ‘पिस्टन’, ‘झडप?’ तो भाग मुळात कशाचा आहे हे कुठेच नव्हतं. त्याचं काय होऊ शकेल, तेवढंच लिहिलेलं होतं. ‘झडप’पुढचं ते प्रश्नचिन्ह मला फार आवडलं. मी आता माझ्या डब्यांवरही असंच लिहितो.

तळवा असा झाला: एक मिलिमीटर जाडीच्या स्टायरिन (प्लॅस्टिक) शीटची चकती, तिच्यावर रणगाड्याचं चाक पालथं, मधून पितळेची सळी. प्लॅस्टिक जोडायच्या पातळ सिमेंटने भिजलेला ब्रश चाकाच्या कडेला नुसता टेकवला की सिमेंट आपोआप फटीत ओढलं जातं, दोन्हीकडचं पॉलिस्टायरिन विरघळतं आणि द्रावक उडून गेला की दोन तुकड्यांचा एक होतो. तिथे मधे गोंद असा उरतच नाही. पितळेवर मात्र त्याचा काही उपयोग नाही, तिथे सुपरग्लूच. हे सगळं तुम्ही फोन चालू ठेवून, मी काम करत असताना, एकेक पायरी थांबत सांगितलंत. घाई कधी केली नाहीत.

तुम्ही तेव्हा सांगितलेली एक गोष्ट मी प्रत्येक नवशिक्याला सांगतो. १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’साठी यानं घडवणाऱ्या कारागिरांनी विमानं, रणगाडे आणि जहाजांच्या साध्या बाजारी किटांमधले भाग पृष्ठभागावर चिकटवले होते. ते खरे का वाटतात, याचं तुमचं उत्तर मला पटलं: त्यातला प्रत्येक तुकडा मुळात कुणीतरी कशासाठी तरी आखलेला असतो, आणि काम काय ते कळलं नाही तरी काम आहे एवढं डोळ्याला कळतं. पण तुमची अटही होती. भाग ओळखू आला तर तो कापायचा, उलटा करायचा नाहीतर काढून टाकायचा. आणि भाग लावायचे ते मेकॅनिकचा हात जिथे पोहोचायला हवा तिथेच, झुबक्याने. बाकी अंग मोकळं सोडायचं. माझं मत विचाराल तर किटबॅशिंगमध्ये, म्हणजे वेगवेगळ्या किटांचे भाग जोडून नवं घडवण्यात, सगळ्यात अवघड काम हेच, मोकळी जागा मोकळी राहू देणं.

पॅनेल लाइन्सचंही, म्हणजे पत्र्यांच्या सांध्यांवरच्या रेघांचंही तसंच. मी १/१४४ चा रोबो करत होतो, काळ्या रेघा मारायच्या बेतात होतो. तुम्ही म्हणालात, “अर्ध्या मिलिमीटरची रेघ म्हणजे खऱ्यात किती?” सात सेंटिमीटरहून जास्त! एवढी फट असलेलं चिलखत घालून कोण लढाईला जाईल? तेव्हापासून पांढऱ्या पत्र्यावर राखाडी, पिवळ्या-लाल पत्र्यावर तपकिरी, आणि शक्य तितकी बारीक रेघ. रोबो एकदम मोठा दिसायला लागतो. तो डोंगराएवढा वाटायला हवा असेल तर सगळ्यात आधी रेघ बारीक करावी लागते, हे मला इतक्या सोप्या गुणाकाराने आधी कुणी दाखवलं नव्हतं.

रंगांच्या थरांबद्दल थोडक्यात लिहितो, कारण ते माहीत असणारे पुष्कळ आहेत. खाली लॅकर, त्यावर चकचकीत क्लिअर (पारदर्शक थर), मग डिकल (पाण्यात भिजवून चिकटवायची चित्रं-अक्षरं), त्यावर परत क्लिअर, मग एनॅमलचा वॉश (खाचांत उतरणारा पातळ रंग), शेवटी मॅट. पण तुम्ही नुसता क्रम सांगितला नाहीत, कारण सांगितलंत. एनॅमलचा थिनर वाळलेल्या लॅकरला विरघळवत नाही, म्हणून जास्तीचा वॉश पुसता येतो. खरखरीत पृष्ठभागावर डिकलखाली हवा अडकते आणि ती चंदेरी दिसते, म्हणून आधी चकाकी हवी. आणि जिथे पिन भोकात दाबून बसवलेली असते तिथे प्लॅस्टिकवर ताण असतो. उघड्या प्लॅस्टिकवर तिथे एनॅमलचा थिनर झिरपला तर भाग तडकू शकतो. कारण कळलं की क्रम पाठ करावा लागत नाही.

सगळ्यात जास्त वेळ आपण बोललो ते जुनेपणावर. यान वापरलेलं दिसायला हवं म्हणून जो तो गंजाचे नारिंगी ओघळ सोडतो. तुम्ही विचारलंत, “हे यान कधी हवेत उतरतं का?” लोखंड गंजायला ऑक्सिजन आणि पाणी लागतं, निर्वातात दोन्ही नाही. ओघळ खाली यायचे तर वजन लागतं, आणि कक्षेत फिरणाऱ्या यानाला ‘खाली’ असं काही नसतं. मग तिथे जुनेपण कशाने येईल? सूर्याच्या अतिनील किरणांनी विटलेला रंग, सूक्ष्म उल्कांनी पडलेले टोचे, थ्रस्टरच्या तोंडाजवळचं करपणं, बदललेल्या पत्र्याचा वेगळा पांढरा. आणि दाराजवळ, जिथे बुटांची ये-जा, तिथली झीज. माझ्या मालवाहू यानाला मात्र धूळ चालते, कारण ते वाळूत उतरतं. म्हणून ती फक्त पायांवर आणि पोटाखाली, वर जाईल तशी विरळ. पिगमेंट, म्हणजे धुळीसाठीची रंगाची भुकटी, बोटाने नाही, जुन्या मऊ ब्रशने, वरून खाली न ओढता टिपत टिपत लावायचं, हेही तुमचंच.

आता हे मुद्दाम वेगळं लिहितो. एअरब्रश हातात घेतला की आजही मला तुमचा आवाज ऐकू येतो: “मास्क?” कापडी मास्क द्रावकाची वाफ अडवत नाही, त्याला सक्रिय कोळशाचं फिल्टरच लागतं, आणि रेझिनचा भाग घासायचा तो ओल्या पॉलिशपेपरने, म्हणजे भुकटी उडत नाही. मी खिडकी उघडली की नाही हे तुम्ही मॉडेलच्या फोटोआधी विचारायचात. कौशल्य शिकवणारे भेटतात, ताई. शिकणाऱ्याच्या फुप्फुसांची काळजी करणारे कमी. याबद्दल मी तुमचा फार ऋणी आहे.

सध्या टेबलावर १/३५० चं लांबलचक प्रवासी यान आहे. आधी कागदाचा माणूस कापला, पाच मिलिमीटरचा, चिमट्याशिवाय उचलताही येत नाही. खिडक्यांना अर्ध्या मिलिमीटरचा ऑप्टिकल फायबर घेतला, म्हणजे खऱ्यात साडेसतरा सेंटिमीटरची खिडकी, बाहेर बघायला एका चेहऱ्यापुरती. आतून आधी काळा रंग आणि त्यावर पांढरा दिलाय, त्यामुळे पत्र्यातून उजेड झिरपत नाही. नऊ व्होल्टची बॅटरी, तीन व्होल्टचा पांढरा एलईडी आणि २० मिलिअँपिअर धरून ३०० ओहम आले, मी ३३० चा रेझिस्टर लावला. थोडा मंद लागतो, पण खिडक्यांना तोच शोभतो.

फक्त सगळ्या खिडक्या एकदम उजळल्या तर यान रिकामं वाटतं. कुणी झोपलेलं असेल, कुणी पाळीवर असेल. कुठल्या खिडक्या अंधारात ठेवायच्या ते मी अजून ठरवलेलं नाही. मजल्यांचा नकाशा काढून फोटोबरोबर पाठवतोय. रविवारी वेळ असेल तर फोन करा. खिडकी उघडी आहे, मास्कही आहे.

तुमच्या वेळेसाठी, त्या पिशव्यांसाठी आणि त्या पहिल्या प्रश्नासाठी मनापासून आभार.

तुमचा,
मालवाहू यानवाला