कोठीवर क्विंटल नको, लिटर लिहा

संपादक महोदय,

सुगी आटोपली की बाजारात पत्र्याच्या कोठ्या मांडल्या जातात आणि त्यांवर ठळक रंगात ‘५ क्विंटल’, ‘१० क्विंटल’ असे लिहिलेले असते. पण क्विंटल कशाचे? गव्हाचे, ज्वारीचे की भाताचे?

९० सेंटिमीटर व्यासाची, १५० सेंटिमीटर उंचीची गोल कोठी घ्या. मीटरमध्ये व्यास × व्यास × उंची × ०.७८५ (३.१४ चा चौथा हिस्सा), म्हणजे ०.९ × ०.९ × १.५ × ०.७८५ केले की सुमारे ०.९५ घनमीटर, म्हणजे ९५० लिटर येतात. लिटरला ७७० ग्रॅम भरणारा गहू तिच्यात ७ क्विंटल ३० किलो मावेल. ज्वारी लिटरला ७२० ग्रॅम धरली तर ६ क्विंटल ८५ किलो. भात टरफलामुळे हलका, ५७५ ग्रॅम धरला तर जेमतेम साडेपाच. ही कोठी कोणी ‘१० क्विंटलची’ म्हणून दाखवली, तर टेप काढावा.

लिटरचे वजन आपल्याच धान्याचे काढावे. वाण आणि ओल बदलली की तेही बदलते. बादलीवर छापलेल्या लिटरवर विसंबू नका. बादली काठोकाठ पाण्याने भरून तोला. बादलीचे वजन वजा केले की जितके किलो, तितके लिटर. मग ती पुसून कोरडी करा, धान्य ओतून भरा आणि पट्टीने सपाट करून तोला. बादली आपटू नका. आपटल्याने दाणा दबतो आणि हिशेब फुगतो.

एवढे करूनही धान्य उरते, ते वरच्या तोंडामुळे. तोंड मधोमध असते, तिथून ओतलेला गहू शंकूसारखा चढतो. शंकूची उंची कोठीच्या त्रिज्येच्या साधारण निम्मी, म्हणजे इथे २२-२३ सेंटिमीटर. टोक झाकणाला टेकले तरी कडेला गोल पोकळी राहते, आणि तेवढ्यात सत्तरेक किलो गहू मावला असता. हात घालून धान्य कडेला सारले तरच ती भरते.

कणगीचे मोजमाप हमखास बाहेरून घेतले जाते आणि तिथेच चूक होते. बाहेरून १२० सेंटिमीटर व्यास आणि शेणमातीचा लेप धरून भिंत ४ सेंटिमीटर जाड असेल, तर आतला व्यास ११२ उरतो. व्यासाचा वर्ग होत असल्याने धान्य तब्बल १३ टक्क्यांनी कमी मावते. पोट फुगलेल्या कणगीचा तर वर, मध्ये आणि खाली, असा तिन्ही ठिकाणी आतून व्यास घ्यावा. तिन्हींचे वर्ग काढून मधल्याची चौपट करावी, बेरजेला ६ ने भागावे आणि तो आकडा ०.७८५ व उंचीने गुणावा.

पायली-शेराचा जुना हिशेब वजनाचा नव्हताच, मापाचा होता. कणगीत किती पायल्या मावतात ते सांगताना धान्य कोणते हे विचारावे लागत नसे. कोठी बनवणाऱ्यांनीही ठळक अक्षरांत लिटर रंगवावेत आणि खाली बारीक अक्षरांत गहू, ज्वारी, भात यांचे वेगवेगळे किलो द्यावेत. रंगाचा खर्च तेवढाच येईल.

आपला,
एक वाचक