ग्रीन कार्डची रांग आणि जन्मदाखला

अमेरिकेतल्या भावाने किंवा बहिणीने आपल्यासाठी भरलेला ‘आय-१३०’ हा ग्रीन कार्डसाठीचा (कायम वास्तव्याचा) नातेवाईक-अर्ज मंजूर झाला की घरात पेढे वाटले जातात. पण मंजुरी म्हणजे व्हिसा नव्हे. भावंडांच्या ‘एफ-४’ गटाला जगभरासाठी वर्षाला ६५ हजार व्हिसा आणि एका देशाच्या वाट्याला साधारण ७ टक्के, म्हणून भारतीयांना १५ वर्षांहून अधिक थांबावे लागते. अर्ज दाखल झाल्याची तारीख, म्हणजेच ‘प्रायॉरिटी डेट’, अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या दरमहा निघणाऱ्या व्हिसा बुलेटिनमधल्या तारखेशी ताडून पाहावी. बुलेटिनमधली तारीख कधी कधी मागेही सरकते.

सर्वाधिक घोळ सोबत नेता येणाऱ्या, २१ वर्षांखालील मुलांच्या वयाचा. २१ पूर्ण झाली म्हणून मुलांची नावे परस्पर सोडून देऊ नका. बुलेटिनमध्ये आपल्या प्रायॉरिटी डेटची पाळी येते त्या दिवशीच्या वयातून अर्ज मंजुरीसाठी पडून राहिला तेवढा काळ वजा होतो. मुलगी २६ वर्षांची आणि मंजुरीला ८ वर्षे लागली असतील, तर हिशेबात ती १८ची! मात्र ती अविवाहित हवी आणि पाळी आल्यापासून वर्षभरात व्हिसाची पुढची कार्यवाही सुरू व्हायला हवी. घाईने लग्न उरकून हा हक्क गमावणे फार वाईट.

मुंबईकरांनी जन्मदाखला आजच काढून पाहावा. पालिकेच्या जुन्या दाखल्यांत बाळाच्या नावाचा रकाना अनेकदा कोराच असतो, आईचे नाव माहेरचे असते. ही दुरुस्ती व्हिसाच्या मुलाखतीच्या तोंडावर होत नाही. वैद्यकीय तपासणी मात्र मुलाखतीची तारीख मिळाल्यावरच करावी. तिची मुदत जेमतेम सहा महिने.

– एक वाचक, विलेपार्ले