भट्टीतली नळी

बाळ,

रविवारी फोन कट नव्हता झाला, मीच ठेवला. आईला रेंज गेली म्हणून सांगितलं. लॅबच्या भट्टीत क्वार्ट्झची नळी फुटली हे तू इतकं सहज बोललीस की पुढचं मला ऐकूच आलं नाही. आत आर्सेनिक होतं, म्हणजे सोमलच की गं. असो, तो विषय परत काढणार नाही.

रिसर्च लोखंडावरच करतीयस याचा मला लई आनंद आहे. आठवतं का, शिरोलीत फौंड्रीच्या शेडवर यायचीस, फुटक्या स्पीकरचं मॅग्नेट सुतळीला बांधून वाळूतला लोखंडाचा चुरा गोळा करायचीस, एकदा लाल कास्टिंगजवळ काठीनं ते नेलंस आणि चिकटेना तर मॅग्नेट मेलं म्हणून रडायला लागलीस. संध्याकाळी कास्टिंग गार झालं आणि फटकन चिकटलं. गार झालं की चिकटतं एवढं मला ठाऊक होतं, 770 अंशांचा आकडा तू बारावीत घरी आणलास.

तू पाठवलेलं दोनदा वाचलं. सुपरकंडक्टिव्हिटी म्हणजे करंट बिनविरोध वाहणं, चुंबकत्व तिचं वैरी, मग लोखंडाच्या वाटेला कोण जाणार, पण 2008 ला जपानात होसोनो या शास्त्रज्ञांच्या ग्रुपनं लोखंड-आर्सेनिकच्याच पदार्थात 26 केल्विनला, म्हणजे उणे 247 अंशांना, ती दाखवली. तुझ्या बेरियमवाल्या लोखंड-आर्सेनिकमध्ये उणे 133 अंशांच्या आसपास अणूंची एक ओळ इकडं तोंड करते, शेजारची उलट, म्हणून बाहेरून मॅग्नेटला काही कळत नाही. थोडा कोबाल्ट घातला की हे मागं हटतं आणि वीस-बावीस केल्विनला करंट बिनविरोध वाहतो. कोबाल्टच्या मधल्या प्रमाणात दोन्ही एकाच क्रिस्टलमध्ये, आणि सुपरकंडक्टिव्हिटी सुरू झाली की चुंबकत्व उतरायला लागतं. एका म्यानात दोन तलवारी, बघ. रात्री झोप लागेना मला त्यानं.

आर्सेनिक नको म्हणून तर म्हणालो होतो, लोखंड-सेलेनियमचं कर, त्यात सोमल नाही. तू म्हणालीस त्यात दाब दिल्याशिवाय तसं चुंबकत्व जमतच नाही, मग बघू काय, आणि सेलेनियम तरी कुठं चांगलंय. पटलं.

पण आर्सेनिक वितळत नाही, 615 अंशांच्या आसपास सरळ वाफ होतं, नळीत दाब चढतो. हीट घाईनं चढवू नकोस. बाहेरनं दुसरी नळी घाल. साच्यात जरा ओल राहिली की धातू कसा उसळतो हे भाऊकाकाचं तू बघितलंयस, त्या दिवशी पण सगळे घाईतच होते, आणि मी तिथं उभा असून... जाऊ दे. तुला मी काय शिकवणार, लेक्चर झालं, माफ कर. ‘मी करतो, मी जातो’ असं पोरासारखं बोलणारी तू, लहानपणी पण कुणाचं ऐकलं नाहीस.

ग्राफ पेपरवरच्या क्रिस्टलचा फोटो शेडवर सगळ्यांना दाखवला. अभ्रकाच्या पापुद्र्यासारखा चकचकीत, कडा किती सरळ. मोल्डरनं विचारलं कुणाचं काम, म्हटलं आमच्या पोरीनं ओतलंय.

चटणीचं पार्सल निघालंय. लॅबमधनं आलीस की हात धुवूनच डबा उघड. आणि नळी फुटली तेव्हा तू किती लांब होतीस, तेवढं खरं सांग. आईला सांगत नाही.

पप्पा