वेळेत परत आलेली खबर

ता. दारव्हा, जि. यवतमाळ
दिवाळीनंतरचा रविवार

प्रिय बाळ्या,

सप्रेम नमस्कार.

तुझा लांबलचक मेसेज वाचला. फोनवर भागण्यासारखा विषय नव्हता, म्हणून निवांत लिहायला बसलो. तुमच्या कंपनीत वर्षाअखेरी फीडबॅकचा फॉर्म येतो, आम्हा शिक्षकांकडून प्रशिक्षण संपलं की फीडबॅक लिहून घेतात, तुझे इंजिनिअर सोबती सर्किटातल्या फीडबॅकवर बोलतात आणि डॉक्टरही तेच म्हणतो. ही सगळी एकच गोष्ट आहे का, असं तू विचारलंस.

माझ्या मते सांगाडा एकच आहे. केलेल्या कामाचा परिणाम करणाऱ्याकडे परत यायचा आणि त्यावरून त्यानं पुढचं काम बदलायचं. यातलं बदलणं गळालं की नुसता शेरा उरतो. आणि बदलायला वाव राहतो की नाही, हे खबर किती लवकर परत आली यावर ठरतं. लोक फीडबॅक गोड असावा की कडू, यावर भांडत बसतात. मला तो वेळेत आला का, हा प्रश्न त्याहून मोठा वाटतो.

गावातली जुनी चक्की आठव. डिझेलचं इंजिन आणि बाहेर पाण्याचा हौद. ज्वारीचा डबा ओतला की इंजिनाचा आवाज एकदम दबायचा आणि लगेच सावरायचा. कोणी हात लावत नव्हतं, आतला गव्हर्नर ते करायचा. फिरत्या दांड्यावर वजनं बसवलेली असतात. वेग वाढला की ती बाहेर फाकतात आणि इंधन कमी होतं. वेग उतरला की आत येतात आणि इंधन वाढतं. अशी युक्ती पवनचक्क्यांत आधीपासून होती, जेम्स वॅटनं ती 1788 मध्ये वाफेच्या इंजिनाला जोडली. पुढे 1868 मध्ये मॅक्सवेल या भौतिकशास्त्रज्ञानं गव्हर्नरांचं गणित मांडलं. इंजिनाचा वेग एकदा हलला की तो कधी शांत होतो आणि कधी त्याचे हेलकावे वाढतच जातात, हा त्याचा प्रश्न होता. दुरुस्ती उशिरा आली आणि जोरात आली, तर तीच दुरुस्ती घात करते. हे पुढे तुरीच्या वेळी लक्षात ठेव.

परत येणारी खबर दोन तऱ्हेची असते. एक चाललेल्या गोष्टीला आवरते, दुसरी तिला आणखी रेटते. ग्रामसभेत माइक घेऊन कोणी स्पीकरसमोर उभं राहिलं की जी शिट्टी सुटते, ती दुसऱ्या तऱ्हेची. स्पीकरचा आवाज माइकमध्ये शिरतो, मोठा होऊन बाहेर पडतो, पुन्हा शिरतो. हॅरोल्ड ब्लॅक नावाच्या अमेरिकन इंजिनिअरनं 1927 मध्ये याच्या बरोबर उलट केलं. लांब पल्ल्याच्या टेलिफोनचा आवाज वाटेत मोठा करत न्यावा लागे आणि दर वेळी तो थोडा बिघडे. हडसन नदी ओलांडताना बोटीवर त्याला सुचलं, की बाहेर पडणाऱ्या आवाजाचा थोडा भाग उलटा करून परत आत द्यावा. हातातल्या वर्तमानपत्रावरच त्यानं आकृती काढली. आवाज वाढवण्याची बरीचशी ताकद त्यात जाते, पण मिळतो तो आवाज स्वच्छ असतो. बाळ्या, ही देवाणघेवाण मला फार महत्त्वाची वाटते. आपल्याला आवरणारं कोणी हवं असेल, तर थोडा जोर सोडायची तयारी पाहिजे. ज्याच्याभोवती फक्त हो म्हणणारेच बसलेले असतात, त्या पुढाऱ्याचं त्या माइकसारखंच होतं.

शरीरात दोन्ही आहेत. जेवल्यावर साखर चढली की स्वादुपिंड ती उतरवणारं इन्सुलिन सोडतं, फार उतरली की ती चढवणारं ग्लुकागॉन. बाळंतपणात मात्र उलट: बाळाचं डोकं खाली दाबतं, ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक सुटतं, कळा वाढतात, दाब आणखी वाढतो, आणि बाळ बाहेर आलं की ते चक्र थांबतं. म्हणजे रेटणारा फीडबॅक वाईटच असं नाही, त्याला शेवट असला म्हणजे झालं.

बाबांची साखर तुला माहीत आहेच. एचबीए1सी तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते. डॉक्टरला ती हवीच असते, पण बाबांना त्यातून काही उमगत नसे. कोणत्या जेवणानं काय केलं, हे त्या आकड्यात दिसत नाही. घरी बोटाला टोचून पाहायचं यंत्र आणलं. एका लग्नातल्या पंगतीनंतर दोन तासांनी त्यांनी स्वतः आकडा पाहिला आणि ताटातला भात आपणहून कमी केला. आम्ही वर्षानुवर्षं सांगत होतो, ते त्या आकड्यानं एका दुपारी केलं.

आता वावरात ये. खरं तर हे सगळं मला इथंच कळलं. 2015 मध्ये तूरडाळ किलोला 200 रुपयांपर्यंत गेली होती. ती खबर कास्तकाराकडे आली, त्यानं पुढच्या हंगामात तूर वाढवली, पाऊसही चांगला झाला. देशाचं तुरीचं उत्पादन सुमारे 25 लाख टनांवरून 48 लाख टनांच्या वर गेलं. हमीभाव बोनस धरून क्विंटलला 5,050 रुपये होता आणि बाजारात त्याच्याही खाली भाव. खरेदी केंद्रासमोर बंड्या आणि ट्रॅक्टर रांगेत, बारदाना संपलेला. यात कास्तकाराचं काय चुकलं? त्यानं भावाचं ऐकलंच होतं. पण तो भाव मागच्या पिकाचा होता आणि त्याचं पीक यायला सात-आठ महिने लागणार होते. सगळ्यांनी एकच जुनी खबर ऐकून एकदमच दुरुस्ती केली. अर्थशास्त्रात याला कोळ्याच्या जाळ्याचा सिद्धांत म्हणतात. निकोलस काल्डोरनं 1934 मध्ये ते नाव दिलं, कारण भाव आणि उत्पादनाची रेघ जाळ्यासारखी गोल गोल फिरते. मॅक्सवेलच्या इंजिनाचे हेलकावे ते हेच. फरक एवढाच, की इथं हेलकाव्यात घरं सापडतात.

याच वावरात चांगला फीडबॅकही आहे. 2017 ला गुलाबी बोंडअळीनं कपाशीचं काय केलं ते तू पाहिलंस. ही अळी बोंडाच्या आत शिरते, बाहेरून पऱ्हाटी हिरवीगार दिसते. नुकसान डोळ्यांना दिसेपर्यंत फवारणीला अर्थ उरत नाही. म्हणून आम्ही कामगंध सापळे लावतो. काठीला प्लास्टिकची नरसाळ्यासारखी टोपी, खाली लांब पिशवी, टोपीत मादीच्या वासाची गोळी. सकाळी पिशवीची गाठ सोडायची आणि आत पडलेले राखाडी-तपकिरी नर पतंग मोजायचे. सलग तीन रात्री एका सापळ्यात आठ-आठ पतंग आले, की उपाय सुरू करायचा. सोबत डोमकळ्या, म्हणजे अळी लागून न उमललेली फुलं, वेचून नष्ट करायच्या आणि वीस हिरवी बोंडं फोडून पाहायची. माझ्या धाकट्या भावानं शाळेची वही फाडून धुऱ्यावरच्या झोपडीत तक्ता लावला आहे, सापळ्यावार. पूर्वी शेजाऱ्यानं फवारलं म्हणून आपणही फवारायचं. आता पिशवी सांगते, फवार किंवा थांब. औषधाचा खर्च वाचतो आणि अंगावर विष कमी जातं. फवारणीच्या विषबाधेत माणसं गमावलेल्या यवतमाळला याचं मोल वेगळं सांगायला नको.

शाळेचं सांगतो, कारण तुझ्या फॉर्मशी ते जास्त लागू आहे. पाचवीतल्या एका पोरानं 503 वजा 278 चं उत्तर 375 काढलं. मी चूक मारून शून्य दिला असता, तर त्यानं एवढंच विचारलं असतं, "गुरुजी, मले किती भेटले?" मी वही जवळ ओढून विचारलं, "शून्यातून सात कसे काढले, दाखव." तो म्हणाला, "सातातून शून्य काढला ना." म्हणजे दर घरात मोठ्यातून लहान वजा करायचं, असा त्याचा पक्का नियम होता. काड्यांच्या जुड्या सोडायला लावल्या. त्याच तासात त्यानं 225 काढले आणि पुढची दोन उदाहरणं न विचारता सोडवली. दुसऱ्या दिवशी हेच सांगितलं असतं, तर मी कोणत्या उदाहरणाबद्दल बोलतोय हेच त्याच्या ध्यानात आलं नसतं.

रूथ बटलर यांनी 1988 मध्ये इस्रायलच्या शाळकरी मुलांवरचा प्रयोग मांडला. काहींना फक्त गुण दिले, काहींना फक्त लिहून सांगितलं, काहींना दोन्ही. लिहून सांगितलेल्यांचं काम सुधारलं. दोन्ही मिळालेली मुलं गुणवाल्यांसारखीच राहिली. गुण दिसले की शेरा कोणी वाचत नाही. क्लुगर आणि डेनिसी या संशोधकांनी 1996 मध्ये असे शेकडो निष्कर्ष एकत्र पाहिले, तर एक तृतीयांशाहून जास्त वेळा फीडबॅकनं काम आणखी बिघडलं होतं. लक्ष कामावरून उठून ‘मी कसा आहे’ यावर गेलं, की असं होतं, असं त्यांचं म्हणणं. वर्गात मी हे रोज पाहतो.

आणि गाडगेबाबांना विसरू नको. आपल्या अमरावतीकडचा हा माणूस कीर्तनात लोकांना प्रश्न विचारायचा, त्यांच्या तोंडून उत्तर काढायचा आणि त्या उत्तरावरच पुढचा प्रश्न बेतायचा. समोरच्याला किती कळलं, हे तिथल्या तिथं समजत होतं.

म्हणून साहेबांनी तुला नवा फॉर्म करायला सांगितला असेल, तर माझं ऐक. वर्षाचा गुणांचा रकाना पगारासाठी ठेवायचा तर ठेव, पण त्याला फीडबॅक समजू नका. काम संपल्यावर त्याच आठवड्यात दोनच गोष्टी विचार: नेमकं कुठं अडलं, आणि पुढच्या वेळी काय वेगळं करणार. उत्तर त्याच्याकडेच जाऊ दे, ज्याच्या हातात ते बदलणं आहे. आणि टीममधल्या लोकांना तुझ्याबद्दलही बोलू दे. पहिले काही महिने कोणी तोंड उघडणार नाही. एखाद्याचं ऐकून तू खरंच काही बदललंस, हे त्यांना दिसलं की बोलतील.

कच्चा फॉर्म झाला की मला पाठव. मुख्याध्यापकांना दाखवतो, आमच्या शिक्षण परिषदेसाठीही असलं काही हवंच आहे. संक्रांतीला पोरांना घेऊन ये, तोवर तूर सोंगून झालेली असेल. काकूंना साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार सांग.

तुझाच,
गजा