निर्लेखनाआधी संगणक उघडून तर बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विंडोज १० ला मिळणारा मायक्रोसॉफ्टचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबला. तेव्हापासून ‘तुमचा कॉम्प्युटर आता बाद झाला’ हे वाक्य दुकानात हमखास ऐकायला मिळते. ते खरे नाही. यंत्र पूर्वीसारखेच चालते, थांबतात ती सुरक्षेची अपडेट्स. म्हणजे विंडोजमध्ये नवे भगदाड सापडले तर ते बुजवले जाणार नाही. ज्या यंत्रावर बँकेचे व्यवहार होतात त्याच्यासाठी हा धोका खराच आहे, पण जुन्या यंत्राचे निर्लेखन, म्हणजे ते नोंदीतून बाद करणे, आणि नवी खरेदी हा त्यावरचा शेवटचा उपाय असावा.

आधी यंत्र कोणत्या पिढीचे आहे ते बघावे. ‘सेटिंग्ज’, मग ‘सिस्टिम’, मग ‘अबाउट’ उघडले की प्रोसेसरचे नाव दिसते. इंटेलच्या आय३, आय५, आय७ यांच्यापुढच्या आकड्यात पिढी दडलेली असते. ७२०० म्हणजे सातवी, ८२५० म्हणजे आठवी, आणि ११३५जी७ म्हणजे अकरावी, पहिली नव्हे. विंडोज ११ ला आठवी किंवा त्यापुढची पिढी लागते. एएमडीमध्ये रायझन २००० मालिकेपासून पुढचे बहुतेक चालतात. शिवाय ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, सिक्युअर बूट (यंत्र सुरू होताना अनधिकृत सॉफ्टवेअर अडवणारी सोय) आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप हवी. सहाव्या-सातव्या पिढीच्या पुष्कळ लॅपटॉपमध्ये टीपीएम २.० असतोच, तरी प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या यादीत नाही म्हणून ते नापास होतात. ही अट तांत्रिक कमी आणि धोरणाची जास्त आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

उलट, आठव्या पिढीचे यंत्रसुद्धा ‘टीपीएम सापडत नाही’ म्हणते तेव्हा बहुधा तो बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये, बंद ठेवलेला असतो. इंटेलच्या बोर्डावर ‘पीटीटी’ आणि एएमडीच्या बोर्डावर ‘एफटीपीएम’ या नावाने तो चालू करता येतो. इथे दोन ठिकाणी लोक फसतात. बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असताना बायोसमध्ये हात घातला तर पुढच्या वेळी यंत्र ४८ आकडी रिकव्हरी की मागते. ती बहुधा मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. आधी कागदावर उतरवून घ्यावी, कारण ती हरवली तर डिस्कवरचा डेटा कोणीही परत आणू शकत नाही. दुसरे, विंडोज ७ च्या काळात बसवलेली यंत्रे जुन्या ‘लेगसी’ पद्धतीने सुरू होतात. अशा ठिकाणी डिस्कची मांडणी जुन्या एमबीआरमधून नव्या जीपीटी प्रकारात बदलल्यावरच बायोस यूईएफआय या नव्या पद्धतीवर न्यावा. त्यासाठीचे साधन विंडोज १० मध्येच आहे. क्रम उलटा झाला की काळ्या पडद्यावर ‘बूट डिव्हाइस सापडत नाही’ एवढेच येते आणि घरचे लोक डिस्क गेली असे समजून घाबरतात.

यादीत न बसणाऱ्या यंत्रासाठी वर्षभराची सोय आहे. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्ट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा-अपडेट्स देते. विंडोजची आवृत्ती २२एच२ हवी, मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन हवे, मग ‘विंडोज अपडेट’च्या पानावर नोंदणीचा दुवा दिसतो. सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर शुल्क नाही, नाहीतर ३० डॉलर. एका नोंदणीत १० यंत्रे बसतात. मात्र बॅकअप चालू करताना फोटो आणि डॉक्युमेंट्सच्या फोल्डरवरची खूण काढावी. वनड्राइव्हची फुकट जागा ५ जीबीच आहे. ती चार दिवसांत भरते आणि मग रोज पैसे भरण्याच्या सूचना येत राहतात. व्यावसायिक संस्थांना ही स्वस्त योजना नाही. त्यांच्यासाठी पहिल्या वर्षाला दर यंत्रामागे ६१ डॉलर आणि पुढे दरवर्षी दुप्पट असा दर आहे. पन्नास यंत्रांच्या कार्यालयाने हा खर्च करण्यात काही अर्थ नाही.

आता ‘फार स्लो झालाय’ या तक्रारीकडे वळू. नव्या खरेदीमागचे खरे कारण बहुतेक वेळा हेच असते, तारीख हे निमित्त. टास्क मॅनेजर उघडून ‘परफॉर्मन्स’ बघावे. डिस्क सतत १०० टक्क्यांवर आणि प्रोसेसर १० टक्क्यांवर असेल, तर दोष फिरत्या हार्ड डिस्कचा. तिला प्रत्येक वेळी हवी ती जागा शोधायला १० ते १५ मिलिसेकंद लागतात, एसएसडीला, म्हणजे फिरते भाग नसलेल्या डिस्कला, त्याच्या शंभराव्या भागाएवढा वेळ पुरतो. अशा यंत्रात नुसती रॅम वाढवून फारसे काही साधत नाही. अडीच इंची साटा (जुन्या हार्ड डिस्कच्याच जोडणीची) एसएसडी बसवावी. कार्यालयीन कामाला २५६ जीबी पुरते. लॅपटॉपमध्ये पट्टीसारख्या एसएसडीची एम.२ खाच असेल तर ती साटाची की एनव्हीएमई या दुसऱ्या जोडणीची हे मॉडेलच्या माहितीपत्रकात बघूनच खरेदी करावी. दोन्ही पट्ट्या दिसायला सारख्या असतात, पण चुकीची पट्टी यंत्राला दिसतच नाही. जुन्या हार्ड डिस्कवर खराब सेक्टर असतील तर तिची हुबेहूब नक्कल (क्लोन) करत बसू नये. फायली काढून घ्याव्यात आणि विंडोज कोरी बसवावी.

रॅमच्या बाबतीत एकच सांगतो. साधारण चौथ्या-पाचव्या पिढीच्या लॅपटॉपला १.३५ व्होल्टची डीडीआर३एल लागते. १.५ व्होल्टची साधी डीडीआर३ घातली की पडदा कोराच राहतो, आणि दुकानात ‘मदरबोर्ड गेला’ असे निदान होते.

यंत्राची तारीख मागे जात असेल, ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ असे प्रत्येक संकेतस्थळावर येत असेल, तर बोर्डावरचा सीआर२०३२ सेल बदलावा. डेस्कटॉपमध्ये दोन मिनिटांचे काम आहे. टचपॅड वर उचलला गेला असेल तर मात्र बॅटरी फुगली आहे. चार्जर काढावा, बॅटरी दाबू नये, टोचू नये.

उरला लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी बसवता येणारी मोफत प्रणाली. त्याचे भक्त सांगतात तितका तो सगळ्यांसाठी नाही, हेही नोंदवायला हवे. हिशेबाचे टॅली विंडोजवरच चालते. डिजिटल सहीच्या टोकनचे काम असेल तर त्या वाटेला जाऊ नये. आपल्याकडे झेरॉक्सच्या दुकानापासून सोसायटीच्या कार्यालयापर्यंत दिसणारा कॅननचा एलबीपी२९०० प्रिंटर लिनक्सवर फार छळतो. श्री-लिपीसारख्या जुन्या फाँटांतल्या फायली उघडल्या की रोमन अक्षरांचा कचरा दिसतो, त्या आधीच युनिकोडमध्ये आणाव्या लागतात. हे चार अडथळे नसतील, तर ४ जीबी रॅमच्या यंत्रावर लिनक्स मिंट हा त्याचा प्रकार छान चालतो, आणि त्याच्या २२ मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट्स आहेत. ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवरून ते न बसवता चालवून बघता येते. वाय-फाय, आवाज, कॅमेरा, प्रिंटर आणि मराठी इनस्क्रिप्ट कळफलक, एवढे तपासल्याशिवाय डिस्कला हात लावू नये. केरळच्या सरकारी शाळा कित्येक वर्षे लिनक्सवर शिकवत आहेत. आपल्या शाळांच्या संगणक-कक्षांना ते जमू नये असे काही कारण दिसत नाही.

अट चुकवून विंडोज ११ बसवून देणारेही आहेत. घरी हौस म्हणून ठीक, पतसंस्थेत नको. अशा यंत्रांना मायक्रोसॉफ्ट अपडेटची हमी देत नाही, आणि विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून फार जुने, कोअर २ ड्युओच्या काळातले प्रोसेसर सुरूच होत नाहीत. परवाना न घेता विंडोज चालू करून देणारे फुकटचे ‘अ‍ॅक्टिव्हेटर’ तर मुळीच नको. पहिल्याच पायरीला अँटिव्हायरस बंद करायला सांगणाऱ्या माणसाला आपण घरात घेऊ का?

शाळा आणि कार्यालयांच्या निर्लेखनाच्या प्रस्तावात म्हणून तीन रकाने असावेत: प्रोसेसरची पिढी, डिस्कचा प्रकार व अवस्था, आणि यंत्रावर होणारे काम. ‘विंडोज १० असल्यामुळे निरुपयोगी’ हा शेरा पुरेसा धरू नये. जी यंत्रे खरोखर काढायची ती ई-कचरा नियम, २०२२ प्रमाणे नोंदणीकृत प्रक्रियाकाराकडेच जावीत, आणि जाण्यापूर्वी डिस्क काढून घेतलेली असावी. झटपट फॉरमॅट मारल्याने फक्त अनुक्रमणिका पुसली जाते. विद्यार्थ्यांचे दाखले आणि खातेदारांचे आधार क्रमांक डिस्कवर तसेच राहतात.

आपला,
संगणक देखभालीचे काम करणारा एक वाचक, पुणे