पक्ष फोडा, पण आमदारकी सोडून आमच्यापुढे या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या वाचकांच्या पत्रव्यवहारात गेले काही दिवस पक्षफुटीवर पत्रे येत आहेत. बहुतेकांचा सूर असा, की फुटून निघणारा प्रत्येक जण संधिसाधू आणि फुटीतून निघालेला प्रत्येक पक्ष जन्मतःच कलंकित. मला हे मुळीच पटत नाही. ज्या अलिबाग तालुक्यात मी वाढले आणि जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवून निवृत्त झाले, त्या तालुक्याला कित्येक दशके आवाज दिला तो फुटून निघालेल्या एका पक्षानेच. म्हणून हे पत्र. थोडे लांबले तर सांभाळून घ्यावे.

तो पक्ष म्हणजे शेतकरी कामगार पक्ष, अर्थात शेकाप. तो काँग्रेसच्याच घरातून बाहेर पडला. केशवराव जेधे, शंकरराव मोरे, तुळशीदास जाधव ही सगळी मुळात काँग्रेसची माणसे. स्वातंत्र्य दारात आले, पण कुळांच्या आणि कामगारांच्या प्रश्नांवर आपले कुणी ऐकत नाही असे त्यांना दिसू लागले. आधी त्यांनी काँग्रेसमध्ये राहूनच आपला संघ काढला. पक्षाच्या आत वेगळे गट चालू द्यायचे नाहीत असे काँग्रेसने 1948 मध्ये ठरवले, तेव्हा वाटा वेगळ्या झाल्या. 1950 मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या दाभाडीला या मंडळींनी आपला विचार कागदावर मांडला; तोच दाभाडी प्रबंध. पुढे जेधे आणि मोरे काँग्रेसमध्ये परतले. पक्ष मात्र आमच्या कुलाबा (आजच्या रायगड) जिल्ह्यात टिकला, कारण इथे पक्षाच्या आधी लढा झालेला होता.

तो लढा म्हणजे चरीचा संप. 1933 पासून सुमारे सहा वर्षे चरी आणि आसपासच्या 25 गावांतल्या कुळांनी खोतांच्या जमिनी कसल्या नाहीत. माझी आजी त्यातल्याच एका गावची. ती सांगायची, मृग लागला तरी नांगर पडवीतून हलला नाही, शेतात भाताऐवजी गवत वाढले. बायका डोंगरातून लाकडाच्या मोळ्या आणून बाजारात विकत आणि पुरुष खाडीत जाळे टाकत. 1934 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर चरीच्या सभेला आले. आजी पार मागे उभी होती, भाषणातले फारसे कानावर आले नाही, पण एकही माणूस जागचा हलला नाही, हे ती प्रत्येक वेळी सांगायची. या संपाचे पुढारी नारायण नागू पाटील पुढे शेकापचे नेते झाले. म्हणजे इथल्या माणसाला या पक्षाची ओळख करून द्यावी लागली नाही. लाल बावटा आणि खटारा (बैलगाडी) ही निशाणी कळायला कुणाला शाळेत जावे लागले नाही. लहानपणी आमच्या आळीत भिंतींवर गेरूने काढलेले खटारे मी पाहिले आहेत. पावसाळ्यात रंग उतरला की तरुण मुले चुना-गेरू घेऊन यायची आणि चाकांपासून पुन्हा काढायला सुरुवात करायची.

हा पक्ष राज्यात कधी सत्तेचा मालक झाला नाही. तरीही सांगोल्याने गणपतराव देशमुखांना 11 वेळा विधानसभेत पाठवले. जानेवारी 1984 मध्ये उरण-पनवेलच्या शेतकऱ्यांनी शेकापच्याच दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जमिनीच्या मोबदल्यासाठी आंदोलन केले, त्यात गोळीबारात 5 जण हुतात्मा झाले. फुटीर पक्ष म्हटले की माझ्या डोळ्यांसमोर ही माणसे येतात. म्हणून सगळ्या फुटीरांना एकाच मापाने मोजू नका, अशी माझी हात जोडून विनंती आहे.

आता आजच्या फुटीकडे येते. आज फुटून निघालेला कुणीही ‘आम्ही नवा पक्ष काढला’ असे म्हणत नाही. जो तो म्हणतो, ‘आम्हीच मूळ पक्ष.’ असे का झाले, याचे उत्तर कायद्यात आहे. 1985 मध्ये पक्षांतरबंदीची दहावी अनुसूची आली. तेव्हा एक तृतीयांश आमदार बाहेर पडले तर ती फूट मानली जाई आणि त्यांची आमदारकी वाचे. 2003 च्या 91 व्या घटनादुरुस्तीने ही सवलत काढली. उरली ती फक्त विलीनीकरणाची वाट, तीही दोन तृतीयांश आमदार असतील तर. गोव्यात ही वाट किती रुंद आहे ते आपण पाहिले. 2019 मध्ये काँग्रेसच्या 15 पैकी 10 आमदारांनी भाजपमध्ये विलीनीकरण केले. 2022 च्या निवडणुकीआधी काँग्रेसच्या उमेदवारांना देऊळ, चर्च आणि दर्ग्यात नेऊन निष्ठेच्या शपथा दिल्या, आणि त्याच वर्षी 11 पैकी 8 आमदार भाजपमध्ये गेले. महाराष्ट्रात दुसरी वाट सापडली. विलीन व्हायचे नाही, नवा पक्षही काढायचा नाही. आहे त्याच पक्षावर दावा सांगायचा. अशा रीतीने कायद्याने नवा पक्ष काढणाऱ्याची आमदारकी घालवली आणि जुन्यावर दावा सांगणाऱ्याची वाचवली.

मला सर्वांत जास्त लागलेली गोष्ट पुढे आहे. जून 2022 मध्ये शिवसेना फुटली. तिचे नाव आणि धनुष्यबाण कुणाचे, याचा निकाल निवडणूक आयोगाने 17 फेब्रुवारी 2023 रोजी दिला. त्यात एक हिशेब होता. 2019 मध्ये निवडून आलेल्या शिवसेनेच्या 55 आमदारांना मिळालेल्या एकूण मतांपैकी सुमारे 76 टक्के मते शिंदे गटाच्या 40 आमदारांना मिळालेली होती, म्हणून पारडे त्यांच्या बाजूला. आमच्या अलिबागचे आमदार त्या 40 मध्ये होते. माझ्या शेजारच्या काकूंनी 2019 ला धनुष्यबाणाला मत दिले होते, आयुष्यभर त्या तेच देत आल्या. त्यांचे मत त्या 76 टक्क्यांत धरले गेले. त्यांना कुणी विचारले? 2019 साली असे दोन गट नव्हतेच. एका पक्षाला दिलेले मत, पुढे तीन वर्षांनी झालेल्या भांडणात एका बाजूचा पुरावा म्हणून कसे वापरता येईल? आणि काकू दुसऱ्या बाजूच्या असत्या तर? दोन्ही बाजूंच्या कार्यकर्त्यांना मी हे विचारले आहे. सरळ उत्तर कुणीच दिले नाही. राष्ट्रवादीच्या बाबतीतही 6 फेब्रुवारी 2024 च्या निकालात आमदारांचे बहुमतच निर्णायक ठरले. कोण बरोबर, कोण चूक, या वादात मी पडत नाही. दोन्ही निकालांत मतदार कुठेच नव्हता, एवढेच माझे म्हणणे आहे.

7 मे 2024 ला रायगड लोकसभेचे मतदान होते. काकूंना घेऊन मी केंद्रावर गेले. आमच्याच जुन्या शाळेची खोली, बाहेर मांडव, पाण्याचा पिंप. निवडणुकीची ड्युटी मी वर्षानुवर्षे केली आहे, त्यामुळे आत काय चालते ते मला पाठ आहे: पहिला अधिकारी नाव मोठ्याने वाचतो, दुसरा बोटाला शाई लावतो, तिसरा बटण देतो. कुठला उमेदवार कुणाचा, हे त्यांपैकी कुणीही सांगू शकत नाही आणि सांगूही नये. काकू आत गेल्या त्या बराच वेळ बाहेर आल्याच नाहीत. आल्या तेव्हा चेहरा उतरलेला. म्हणाल्या, ‘बाई, बाण मशीनवर कुठेच नाही. मी वरपासून खालपर्यंत दोनदा बघितलं.’ खरेच नव्हता. आमच्या मतदारसंघात लढत घड्याळ (अजित पवारांची राष्ट्रवादी) आणि मशाल (उद्धव ठाकरेंची शिवसेना) यांच्यात होती. काकूंना वाचता येते, पण बारीक अक्षरे दिसत नाहीत, म्हणून त्या चित्र बघून मत देतात. कुणाला मत दिले ते मी विचारले नाही. घरी येईपर्यंत त्या गप्प होत्या.

साताऱ्यात त्याच निवडणुकीत काय झाले तेही आठवा. विजयी उमेदवाराचे मताधिक्य 32 हजारांच्या आसपास आणि ट्रम्पेट हे चिन्ह घेतलेल्या एका अपक्षाला 37 हजारांवर मते. शरद पवारांच्या पक्षाचे चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस, आणि ट्रम्पेटचेही मराठी नाव यादीत तुतारीच दिलेले होते. नंतर आयोगाने ते नाव काढले, पण मते पडून गेली होती. चिन्ह म्हणजे वाचता न येणाऱ्या माणसाचे हक्काचे अक्षर. पुढाऱ्यांच्या भांडणात ते एकाच्या घरात टाकायचे, हा त्या माणसावर अन्याय आहे.

जुन्या काळी सगळे सोवळे होते असे मी म्हणत नाही. डिसेंबर 1991 मध्ये नागपूर अधिवेशनात शिवसेना फुटली, तेव्हाही कुणी मतदारांकडे गेले नव्हते. पण मार्ग दाखवून ठेवलेला आहे. समाजवादी 1948 मध्ये काँग्रेसमधून बाहेर पडले, तेव्हा आचार्य नरेंद्र देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आजच्या उत्तर प्रदेशच्या विधानसभेतल्या आपल्या जागा सोडल्या. पक्षांतरबंदीचा कायदा तेव्हा नव्हता. नुसते विरोधी बाकांवर जाऊन बसले असते तरी कुणी हात धरला नसता. काँग्रेसच्या नावावर मिळालेली जागा आपल्याला ठेवता येत नाही, ही त्यांची भूमिका. पोटनिवडणुकीत आचार्य फैजाबादला हरले. त्यांना हरवणारे बाबा राघवदास मूळचे आपल्या पुण्याचे. एवढ्या मोठ्या माणसाने हार पत्करली, पण लोकांना विचारल्याशिवाय बाक बदलला नाही.

असे करणारा हरतोच, असेही नाही. हेमवतीनंदन बहुगुणांनी 1980 मध्ये इंदिरा काँग्रेस सोडली तेव्हा खासदारकीही सोडली आणि 1982 मध्ये गढवालमधून ते पुन्हा निवडून आले. आपल्याकडे नारायण राणे 2005 मध्ये शिवसेनेतून काँग्रेसमध्ये गेले, आमदारकी सोडली आणि मालवणची पोटनिवडणूक जिंकली. उदयनराजे भोसले यांनी 2019 मध्ये राष्ट्रवादीची खासदारकी सोडून भाजपच्या तिकिटावर पोटनिवडणूक लढवली, तेव्हा साताऱ्याने त्यांना नाकारले. 2024 ला त्याच साताऱ्याने निवडून दिले. या दोघांच्या राजकारणाशी माझे काही देणेघेणे नाही. पण मालवणला हो म्हणायचा आणि साताऱ्याला नाही म्हणायचा हक्क मिळाला, तोच हक्क 2022 मध्ये अलिबागला मिळाला नाही.

चिन्हाविना पक्ष मरतो, हा दावाही खरा नाही. 1969 ला काँग्रेस फुटली आणि बैलजोडीवरून भांडण लागले. 1971 च्या लोकसभा निवडणुकीत बैलजोडी कुणालाच वापरता आली नाही. इंदिरा गांधींचा पक्ष गाय-वासरू घेऊन लढला आणि 352 जागा मिळाल्या. तेव्हा घराघरांत टीव्ही नव्हता, खिशात मोबाइल नव्हता. तरी लोकांना कळायचे ते कळले.

माझे मागणे असे आहे. ज्याला पक्ष सोडायचा आहे, एकट्याने किंवा शंभरांनी, त्याने सदस्यत्वाचा राजीनामा देऊन पुन्हा निवडून यावे. दोन तृतीयांशांची सूट काढून टाकावी. पक्षाच्या नावावर आणि चिन्हावर दोघांचा दावा आला, तर नाव आणि चिन्ह दोघांसाठीही पुढच्या सार्वत्रिक निवडणुकीपर्यंत गोठवावे. 2022 च्या ऑक्टोबरमध्ये अंधेरीच्या पोटनिवडणुकीसाठी आयोगाने धनुष्यबाण गोठवलाच होता. तेच लोकांचा कौल मिळेपर्यंत चालू ठेवायला हवे होते. आणि अपात्रतेचा निर्णय ठरावीक महिन्यांत झालाच पाहिजे. शिवसेनेची फूट जून 2022 ची आणि विधानसभा अध्यक्षांचा निर्णय जानेवारी 2024 मध्ये. मधल्या काळात सरकारही चालले आणि कायदेही झाले.

एवढ्या पोटनिवडणुकांचा खर्च कोण करणार, असे विचारले जाईल. खर्च होईल, हे खरे. मतदान केंद्रावर पहाटे पाचला पोहोचणाऱ्या आणि रात्री उशिरा यंत्रे जमा करून घरी जाणाऱ्या माणसांचे हाल मी स्वतः सोसले आहेत, त्यामुळे हे हलक्याने म्हणत नाही. पण 40 जागांवर पुन्हा मतदान घ्यावे लागेल हे आधीच माहीत असते, तर किती जण फुटायला निघाले असते? जे निघाले असते, त्यांच्या पाठीशी काहीतरी खरे कारण असते, आणि त्यांच्यासाठी मी आनंदाने पुन्हा रांगेत उभी राहिले असते. पक्षश्रेष्ठींच्या मनमानीला कंटाळून बाहेर पडणाऱ्याचीही यात सोय आहे. त्याचे म्हणणे खरे असेल, तर ते त्याच्या मतदारांना पटेलच.

आपल्याकडे एक विनंती. पुढच्या प्रत्येक निवडणुकीत आपल्या वार्ताहरांनी प्रत्येक पक्षाच्या प्रत्येक उमेदवाराला एक प्रश्न विचारावा: पक्ष सोडावा लागला तर आधी आमदारकी सोडाल का? उत्तर हो असो, नाही असो, टाळाटाळ असो, ते मतदानाच्या आधी नाव, पक्ष आणि मतदारसंघासह छापावे, आणि ते पान कार्यालयात जपून ठेवावे.

आपली नम्र,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
ता. अलिबाग, जि. रायगड
(नाव प्रसिद्ध करू नये.)